जॉन वूलमन : दोष न ठेवितां सत्य सांगणारा शिंपी

आपल्या बंधूची चूक आपणांस स्पष्ट दिसते, ती त्यास सांगणें प्राप्तही असतें. परंतु सांगूं लागतांच आपला शब्द कठोर होतो आणि ऐकणारा मनाचें दार लावून घेतो. हा अनुभव कोणास नाहीं? ह्या कामीं अमेरिकेंतील एका साध्या शिंप्याचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें, म्हणून तें थोडक्यांत वाचकांपुढें ठेवितों.

जॉन वूलमन ह्यांचा जन्म इ. स. १७२० सालीं न्यू जर्सी प्रांतांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. त्या काळीं क्वेकर मंडळींतील पुष्कळ सभासदही आफ्रिकेंतून आणिलेल्या लोकांस व त्यांच्या संततीस गुलाम करून बाळगीत. वूलमन तरुणपणीं माउंट हॉली गांवीं एका दुकानांत नोकरीस असतां धन्यानें एक गुलाम स्त्री विकली व तिचें विक्रीखत लिहिण्यास त्यांस सांगितलें. मन कचरलें, तरी धन्याची आज्ञा म्हणून त्यांनीं तें लिहिलें. गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं, एवढें मात्र त्यांनीं धनी व खरेदीदार ह्या दोघांसमक्ष बोलून दाखविलें.

आमच्या मतें त्यांच्या पुढील सर्व कार्याचें मूळ ह्या खतांत आहे. ह्या अन्यायास आपलाही हात लागला, हें ते विसरले नाहींत. त्यामुळें गुलामांच्या धन्यांकडे ते त्याच वाटेनें एकदां चुकलेल्या बंधूप्रमाणें जात.

पुढें एक जखमी शेजारी अंथरुणास खिळला असतां त्यानें वूलमन ह्यांस मृत्युपत्र लिहिण्यास सांगितलें. त्यांत एक तरुण गुलाम मुलगी आपल्या एका अपत्यास द्यावी, असें तो म्हणाला. वूलमन ह्यांनीं तेवढा भाग सोडून बाकीचें सर्व लिहिलें व तें त्याच्या बिछान्याशीं नेऊन वाचून दाखविलें. कोणासही गुलाम करणारा लेख लिहिल्यास आपल्या मनास शांति राहणार नाहीं, असें त्यांनीं स्नेहभावानें सांगितलें आणि झालेल्या कामाची मजुरीही घेतली नाहीं. मग दोघांचें गंभीरपणें बोलणें झालें. शेजाऱ्यानें मुलीस मुक्त करण्याचें कबूल केलें, तेव्हां मृत्युपत्र पुरें झालें.

इ. स. १७५७ सालीं ते दक्षिणेकडील प्रांतांत फिरले. तेथें गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरीं उतरावें लागे, आणि गुलामांच्या श्रमांवर फुकट जेवणें त्यांच्या मनास बोचे. निघतेवेळीं ते घरधन्यास एकीकडे नेऊन चांदीचीं नाणीं देत व तीं गुलामांस द्यावीं अशी विनंति करीत. कधीं स्वतःच त्यांच्या हातीं देत. असें करणें त्यांस फार जड जाई. तथापि थोडें बोलणें झाल्यावर बहुतेकांनीं तें ऐकिलें.

इ. स. १७५८ सालीं फिलाडेल्फिया येथील क्वेकरांच्या वार्षिक सभेंत त्यांनीं गुलामांची बाजू कळवळून मांडली. तेव्हां सभेनें गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन भेट घेण्यास कांहीं जण नेमिले. वूलमन त्यांपैकीं एक होते. कित्येकांनीं ऐकिलें, कित्येकांनीं ऐकिलें नाहीं. तरी त्यांनीं जाणें सोडिलें नाहीं.

इ. स. १७७२ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें त्यांचा अंत झाला. चार वर्षांनीं, १७७६ सालीं, फिलाडेल्फियाच्या सभेनें आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली. तें फळ वूलमन ह्यांनीं पाहिलें नाहीं.

वाचकहो, त्यांची वाणी सौम्य होती म्हणून त्यांचें सत्य सौम्य झालें नाहीं. मृत्युपत्रांतील तेवढी ओळ त्यांनीं लिहिली नाहीं ती नाहींच. परंतु त्या शेजाऱ्याचा बिछानाही त्यांनीं सोडिला नाहीं. ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे, त्याच्या दारीं जाण्यापूर्वीं आपल्या हातचें एखादें खत आपणही आठवावें. म्हणजे काय बोलावें तें आपणांस ठाऊक राहील, आणि कसें बोलावें हेंही सुचेल.