हार्लेमच्या पोरांना कलाकार म्हणून सरकारी पगार मिळवून देणाऱ्या बाईंचं स्वतःचं शिल्प मात्र बुलडोझरखाली गेलं

१९३९ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे १६ फूट उंच एक शिल्प होतं. लांबून बघितलं तर भलीमोठी वीणा वाटायची, जवळ गेलं की कळायचं, तारांच्या जागी १२ कृष्णवर्णीय गायक उभे आहेत. लोक थांबून थांबून बघायचे. त्याच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती आठवण म्हणून विकल्या जायच्या.

प्रदर्शन संपलं आणि १९४० मध्ये हे शिल्प बुलडोझरने पाडलं गेलं. कारण एकच, पैसे नव्हते. शिल्प प्लास्टरचं होतं. ते ब्रॉन्झमध्ये ओतायचा किंवा निदान कुठेतरी ठेवायचा खर्च कुणी उचलला नाही.

शिल्प घडवणाऱ्या बाईंचं नाव ऑगस्टा सॅव्हेज. त्यांची गोष्ट सुरू होते फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावात. जन्म २९ फेब्रुवारी १८९२, १४ भावंडांत सातवा नंबर. तिथली लाल माती विटांसाठी चांगली. पोरगी त्याच मातीची बदकं बनवायची. वडील चर्चचे धर्मोपदेशक, त्यांच्या लेखी मूर्ती करणं म्हणजे पाप. त्यामुळे मार ठरलेला.

पुढे कुटुंब वेस्ट पाम बीचला गेलं. तिथे माती सहज मिळेना, तर तिने एका कुंभाराकडून मागून आणली आणि मदर मेरीची मूर्ती केली. ती बघून वडीलही विरघळले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मग तिलाच इतर मुलांना मातीकाम शिकवायला लावलं. रोजचा एक डॉलर. हा एक डॉलर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९१९ मध्ये तिथल्या जत्रेत तिच्या मूर्तींना २५ डॉलरचं बक्षीस मिळालं. दोन वर्षांनी ऑगस्टा न्यूयॉर्कला आल्या तेव्हा खिशात होते ४ डॉलर ६० सेंट. कूपर युनियन या संस्थेत फी नव्हती, म्हणून प्रवेश जमला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत संपवला. पण फी माफ असली तरी खायचं काय आणि राहायचं कुठे? मध्येच हातचं काम गेलं, तेव्हा संस्थेनेच राहण्याखाण्याचा खर्च दिला म्हणून शिक्षण टिकलं.

१९२३ मध्ये पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो इथल्या उन्हाळी कला शाळेसाठी त्यांनी अर्ज केला. निवड समितीने नाकारला, कारण त्या कृष्णवर्णीय होत्या आणि गोऱ्या विद्यार्थिनींना अवघडल्यासारखं झालं असतं. गप्प बसायचा स्वभाव नव्हता. ऑगस्टा थेट वर्तमानपत्रांकडे गेल्या, गाजावाजा झाला. निर्णय बदलला नाही. उलट भांडखोर बाई म्हणून शिक्का बसला तो कायमचा.

दोन वर्षांनी रोमच्या कला अकादमीत शिकायची संधी आली. फी माफ, पण जहाजाचं भाडं आणि तिथला खर्च स्वतःचा. ऑगस्टा तेव्हा लाँड्रीत कपडे धूत होत्या. एवढी रक्कम काही जमली नाही आणि रोम राहिलं. फक्त फी माफ करून गरीब कलाकार शिकत नाही, हे त्यांच्याएवढं कुणाला कळलं असेल?

अखेर १९२९ मध्ये रस्त्यावरच्या एका पोराच्या चेहऱ्याचं त्यांचं ‘गॅमिन’ हे शिल्प गाजलं. त्यावरून रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली आणि ऑगस्टा पॅरिसला पोहोचल्या. म्हणजे १९२३ ला हुकलेलं फ्रान्स सहा वर्षांनी.

परत आल्या तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. शिल्प विकत घेणार कोण? हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिथे एका तळघरात त्यांनी स्टुडिओ सुरू केला आणि दार उघडं ठेवलं. येईल त्याने शिकावं. कार्नेगी कॉर्पोरेशनने १५०० डॉलरची मदत केली. वस्तीतली पोरं, गृहिणी, बेकार तरुण येऊ लागले.

मग १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम द्यायची मोठी योजना आणली, डब्ल्यूपीए. सोप्या भाषेत रोजगार हमी. रस्ते आणि पूल तर होतेच, पण त्यात चित्रकार आणि शिल्पकारांनाही पगार होता. म्हणजे कलाकाराला बक्षीस किंवा मदत न देता सरळ मजुरी द्यायची. भित्तिचित्र काढा, नाहीतर वस्तीतल्या लोकांना शिकवा.

कल्पना भारी. पण कृष्णवर्णीय कलाकारांना त्यात सहज शिरकाव नव्हता, देखरेखीच्या जागा तर लांबच. ऑगस्टांनी चित्रकार चार्ल्स ऑल्स्टन आणि इतरांसोबत हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना उभी केली आणि अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या. भांडखोरपणाचा शिक्का इथे कामी आला म्हणायचं.

त्यांच्याकडे जेकब लॉरेन्स नावाचा तरुण यायचा. ऑगस्टा त्याला हाताला धरून सरकारी कार्यालयात घेऊन गेल्या. तिथे सांगितलं, वय २१ पाहिजे, हा लहान आहे. पोरगा ते विसरून गेला. बाई विसरल्या नाहीत. तो २१ चा झाल्यावर पुन्हा घेऊन गेल्या. आठवड्याला सुमारे २४ डॉलर पगारावर चित्रं काढायचं काम मिळालं, दीड वर्ष. पुढे याच लॉरेन्सने दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली. ती आज न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि वॉशिंग्टनचं फिलिप्स कलेक्शन या दोन संग्रहालयांत निम्मी निम्मी आहे.

१९३७ मध्ये याच सरकारी पैशातून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उभं राहिलं. पहिल्या संचालक ऑगस्टा. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. चित्रकला, शिल्पकला, छपाई, सगळं फुकट. शिकणारे वस्तीतले आणि शिकवणारे पगारी कलाकारही बहुतेक तिथलेच. रोजच्या एक डॉलरवर शिकवणाऱ्या त्या शाळकरी पोरीची आठवण इथे येते. डब्ल्यूपीएच्या पैशातून देशभरात अशी शंभराहून जास्त केंद्रं उघडली आणि त्यात हार्लेमचं नाव आदर्श म्हणून घेतलं जायचं.

त्याच सुमारास जागतिक प्रदर्शनाचं काम मिळालं. वीणेसाठी ऑगस्टांनी संचालकपदावरून रजा घेतली. काम संपवून परतल्या तेव्हा खुर्चीवर दुसऱ्या संचालक बसल्या होत्या. त्यांनी स्वतःची आर्ट गॅलरी काढून बघितली, ती लवकरच बंद पडली. पुढे युद्ध आलं, सरकारी पैसा तिकडे वळला. १९४२ मध्ये हार्लेमचं सेंटर बंद झालं आणि वर्षभरात डब्ल्यूपीए योजनाही गुंडाळली गेली.

१९४५ च्या सुमारास ऑगस्टा न्यूयॉर्क सोडून उत्तरेला सॉगर्टीस या गावाजवळच्या शेतघरात राहायला गेल्या. कोंबड्या पाळल्या, एका संशोधन प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली. तिथल्या मालकाने त्यांना मूर्तिकामासाठी माती आणून दिली. उन्हाळ्यात त्या गावाकडच्या मुलांना शिकवायच्या.

२६ मार्च १९६२ ला त्यांचं निधन झालं. त्यांची बरीच शिल्पं प्लास्टर किंवा मातीतच होती, ब्रॉन्झपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यामुळे आज सापडत नाहीत. वीणेच्या त्या छोट्या प्रतिकृती मात्र काही संग्रहालयांत अजून बघायला मिळतात.