चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज : एक पुण्यस्मरण

बेळगाव जिल्ह्यात दूधगंगा व वेदगंगा यांच्या संगमाजवळ भोज नावाचे गाव आहे. तेथील भीमगौडा पाटील व सत्यवती या श्रद्धाळू दांपत्याच्या पोटी १८७२ मध्ये सातगौडा यांचा जन्म झाला. हेच पुढे प. पू. आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराज म्हणून अखिल भारतात वंद्य ठरले.

तत्कालीन प्रथेप्रमाणे नवव्या वर्षीच त्यांचा विवाह झाला. अल्पावधीतच त्या बालिकेचे निधन झाले. पुन्हा बोहल्यावर चढण्यास मात्र सातगौडांनी ठाम नकार दिला. तारुण्यातच मुनिदीक्षेची ओढ लागली. पण आपल्या हयातीत घर सोडू नये, ही वडिलांची इच्छा त्यांनी शिरोधार्य मानली. शेती केली, कापडाचे दुकान सांभाळले. गिऱ्हाइकानेच कापड मोजून घ्यावे व पैसे ठेवून जावे, अशी त्या दुकानाची रीत असल्याचे सांगतात! गावी मुनिराज आले की त्यांना खांद्यावर घेऊन ते नदी पार करवीत. वैराग्य म्हणजे संसारावरचा रुसवा, असे समजणाऱ्यांनी ही वर्षे अवश्य लक्षात घ्यावीत. त्यांनी कर्तव्य टाकले नाही आणि ध्येयही विसरले नाही.

मातापित्यांच्या पश्चात, चाळिशी उलटल्यावर, उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती स्वामींकडून त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली. गिरनारवर भगवान नेमिनाथांच्या सान्निध्यात ते ऐलक झाले आणि १९२० मध्ये यरनाळ येथे निर्ग्रंथ मुनी. त्या काळी दिगंबर मुनींची संख्या अत्यल्प होती व आहारविधीत शिथिलता आली होती. महाराजांनी शास्त्रोक्त चर्येचाच आग्रह धरला. आहार न मिळाल्यास उपवास घडे, पण नियम मोडला नाही. १९२४ मध्ये समडोळी येथे ते आचार्य झाले. पुढे संघासह सम्मेदशिखरजी, दिल्ली असा दीर्घ विहार घडला व उत्तरेत लुप्तप्राय झालेली मुनिपरंपरा पुन्हा दिसू लागली. धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्याची प्रेरणाही त्यांचीच.

वार्धक्यात दृष्टी मंदावली. जीव दिसेना, तर ईर्यासमिती कशी पाळावी व अहिंसा महाव्रत कसे टिकावे? प्रश्न देहाचा नव्हता, व्रताचा होता. उपचारांनी काही काळ काढता आला असता. भक्तांचा तसा आग्रहही होता. परंतु १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री, कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणभूमीवर, महाराजांनी सल्लेखना स्वीकारली. हजारो भाविक दर्शनास लोटले. पाणीसुद्धा क्वचितच घेतले जाई. पुढे तेही सुटले. याच दिवसांत, जयपूरला असलेले आपले शिष्य वीरसागर महाराज यांना आचार्यपद देत असल्याचा निरोप त्यांनी धाडला. पद हयातीतच व इतक्या सहजतेने सोडले, हे आम्हांस विशेष वाटते.

८ सप्टेंबरला, अन्नत्यागाच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी अखेरचा उपदेश केला. तो मराठीत होता व ध्वनिमुद्रित झाला आहे. भिऊ नका, संयम धारण करा आणि रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करा, असे त्याचे सार होते.

१८ सप्टेंबर १९५५, भाद्रपद शुद्ध द्वितीया, रविवार. सल्लेखनेच्या छत्तिसाव्या दिवशी प्रातःकाळी कुंथलगिरीवर महाराजांनी शांतपणे देह ठेवला.