रॉबर्ट ब्रूस फूट

पल्लावरमला १८६३ साली आदिमानवाची दगडी कुऱ्हाड शोधणारे म्हणून फूटसाहेबांची कीर्ती. पोटाचा उद्योग मात्र खडकांचा! जन्म १८३४, इंग्लंडातला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आले व आपला बेळगाव-धारवाड मुलूख त्यांनी पालथा घातला. तिथले जुने थर ग्रॅनाइटी खडकांपासून निराळे ओळखून त्यांना धारवाडचे नाव दिले. हे सोपे नव्हते. ग्रॅनाइट भूगर्भात कित्येक मैल खोल, सावकाश निवतो. वरचे थर झिजल्यावरच त्याचे अजस्र गोळे उघडे पडतात. निवृत्तीनंतर त्यांनी बडोदे संस्थान पाहिले. त्याचा नवसारी प्रांत सुरतेला लागून. तिथल्या डोंगरांत मात्र काळा पत्थर, म्हणजे वर येऊन निवलेला लाव्हा. उतारवयात त्यांनी येरकाडला घर केले. ते डोंगर पुन्हा खोलवर घडलेल्या खडकांचेच. १९१२ मध्ये ते वारले.