संतशिरोमणी श्री नामदेव महाराज

वारकरी संप्रदायाची पताका थेट पंजाबपर्यंत नेणारे संतशिरोमणी श्री नामदेव महाराज यांचा जन्म इ.स. १२७० मध्ये दामाशेटी व गोणाई या शिंपी कुळातील विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी झाला. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. बाल नामदेवाच्या हट्टाखातर पांडुरंगाने नैवेद्य प्रत्यक्ष ग्रहण केला, ही कथा घरोघरी सांगितली जाते.

देवाच्या या निकट सहवासामुळे आता आपणांस आणखी काही शिकावयाचे उरले नाही, अशी सूक्ष्म भावना त्यांच्या मनात रुजली होती. एकदा संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून संत गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येक संताच्या मस्तकावर थापटून पाहिले. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र दुखावले. हे मडके अद्याप कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला.

नामदेव पंढरीस आले व त्यांनी देवापाशी गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल, ही त्यांची खात्री होती. परंतु देवानेही गोरोबांचाच निर्णय मान्य करून विसोबा खेचरांस शरण जाण्याची आज्ञा केली. वाईट सवय सोडणे कठीण खरेच; परंतु ज्या भक्तीवर सारे आयुष्य उभे आहे तीच अपुरी आहे, हे स्वीकारणे त्याहून कठीण. प्रत्यक्ष देव भेटला असता गुरू कशासाठी, हा प्रश्न त्यांनाही पडला. तरीही ते निघाले.

श्रीक्षेत्र औंढा नागनाथ येथे विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी रागाने हटकले. जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत, तेथे पिंडी प्रकट होई, अशी आख्यायिका आहे. देव एका राउळापुरता नाही, हे जाणून त्यांनी तेच चरण धरले.

जे नामदेव पंढरी सोडण्यास नाखूष असत, त्यांनीच पुढे उत्तर भारतात नामाचा प्रसार केला. पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. शिखांच्या पवित्र श्री गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत.

इ.स. १३५० मध्ये पंढरपुरी महाद्वारात त्यांनी समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. संतांच्या व भाविकांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, ही त्यांची इच्छा होती. एके काळी थापटण्याचा स्पर्श न साहवलेले ते मस्तक आज नामदेव पायरीच्या रूपाने लाखो वारकऱ्यांच्या वाटेत आहे.

भाविकांनी दर्शनास जाताना या पायरीपाशी क्षणभर थांबावे. आपले मडके अद्याप कच्चे आहे, हे मान्य करण्याचे बळ श्रीपांडुरंग सर्वांस देवो, हीच प्रार्थना.