हातमोजे देणारा डॉक्टर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी वाण डाव्या हातानं घेतलं. मला जरा खटकलंच. मग स्वयंपाकघरात त्यांनी पदराखालचा उजवा हात दाखवला. कोपरापासून बोटांपर्यंत टम्म सुजलेला, बांगडी चढेना. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. माझे भोग, म्हणून गप्प बसलेल्या.

मी त्यांना फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. तिथं विल्यम हॉलस्टेड हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि मग या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

हॉलस्टेड न्यूयॉर्कचे. जन्म १८५२ चा, घरची श्रीमंती. १८८१ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं बहीण मरणाच्या दारात होती. या भावानं स्वतःचं रक्त काढून तिला दिलं, ती वाचली. पुढे बधिरतेसाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता व्यसन जडलं. त्यातून सुटताना मॉर्फिन मागे लागलं. तरीही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी मोठं नाव केलं.

तिथल्या शस्त्रक्रियागृहातली परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन. जंतुनाशक औषधानं तिच्या हातांची कातडी सोलून निघायची. हॉलस्टेडनी तिच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं!

स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी मोठी शस्त्रक्रिया रुळवली. स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळंच काढायचं. १८९४ मध्ये त्यांनी अशा ५० रुग्णांची माहिती छापली. त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण खूप घटलं होतं. पण कित्येकींचा हात सुजायचा. पुढे १९२१ मध्ये, म्हातारपणी, हॉलस्टेडनी याच सुजेवर लेख लिहिला, तिला हत्तीरोगासारखं नाव दिलं. मूळ कारण जंतुसंसर्ग, असं त्यांचं मत. दुसऱ्याच वर्षी ते वारले.

त्यांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. काखेतल्या गाठी काढल्या, की हातातला लसिका नावाचा द्रव वर जाण्याची वाट अडते. किरणोपचारानंही तसं होतं. जंतुसंसर्गानं सूज वाढते. आता बऱ्याच जणींचं काम लहान शस्त्रक्रियेत भागतं, काखेतल्याही मोजक्याच गाठी काढतात. म्हणून त्रास कमी झालाय, संपलेला नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंनी वहिनींना अगदी हलक्या हातानं त्वचेवरून मसाज दिला. हातावर थरांचं बँडेज बांधलं आणि ते असतानाच मूठ उघडझाक, कोपर वाकवणं, खांदा फिरवणं शिकवलं. सूज उतरल्यावर मापाची घट्ट बाही दिली. तेल लावून जोरात रगडायचं नाही, गरम शेक घ्यायचा नाही, विळीनं कापलं तर लगेच धुवून औषध लावायचं. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

वहिनींची सूज बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. बाही रोज घालावी लागते. पण आता त्या स्वतः पोळ्या लाटतात.

मैत्रिणींनो, ऑपरेशननंतर हात जड वाटला, बांगडी किंवा ब्लाउजची बाही रुतू लागली, तर पदराखाली लपवू नका. सूज नवी असते तेव्हाच ती लवकर आटोक्यात येते.