कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि अमेरिका

इतिहासाचें पुस्तक हातीं घेतलें म्हणजे विद्यार्थ्यांस लढाया, तह आणि सनावळ्या दिसतात. घरांतील चूल, टपालाची वाट पाहणें, दवाखान्यांत ताटकळत बसणें यांस त्या पुस्तकांत जागा नसते. त्यामुळें इतिहास म्हणजे दूरदेशीं थोरामोठ्यांनीं केलेली घडामोड आणि आपलें रोजचें जिणें म्हणजे कांहीं तरी निराळें, असा समज होऊन बसतो. हा समज किती चुकीचा आहे हें ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळतें, अशा एका स्त्रीची ओळख आम्हीं येथें करून देण्याचें योजिलें आहे. त्यांच्या माहेरचें गांव कल्याण आपल्या नवी मुंबईपासून फार दूर नाहीं. ठाण्याच्या खाडीच्या ज्या कांठावर आज वाशी, नेरूळ, बेलापूर हीं नगरें उभीं आहेत, तेथें त्यांच्या काळीं भातखाचरें, मिठागरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. वडील गणपतराव जोशी. त्याच सुमारास अमेरिकेंतील चार वर्षांचें यादवी युद्ध शेवटास येत होतें. यमुनेच्या बारशाच्याच आठवड्यांत, ९ एप्रिल रोजीं, दक्षिणेकडील सेनापति जनरल ली यांनीं शस्त्र खालीं ठेविलें, आणि १५ एप्रिल रोजीं अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मारेकऱ्याच्या गोळीनें अंत झाला. या युद्धामुळें अमेरिकेचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला होता. म्हणून आपल्याकडील कापसास सोन्याचें मोल येऊन मुंबई पैशानें भरून गेली होती. युद्ध संपतांच भाव कोसळले आणि मुंबईंतील कित्येक पेढ्या बुडाल्या. सातासमुद्रांपलीकडील लढाईचे पडसाद कापसाच्या गांठींबरोबर असे येथील घरांत येऊन पोहोंचत होते. मात्र पाळण्यांतील ही मुलगी एके दिवशीं त्याच देशांत जाऊन वैद्यकविद्या शिकेल, हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

नवव्या वर्षीं यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला, आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यांत कारकून होते. ते बिजवर असून वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. पत्नीस शिकवावयाचेंच, हा त्यांचा एकच ध्यास. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, अशा जेथें जेथें बदल्या झाल्या तेथें तेथें अभ्यास चालू राहिला. या शिक्षणांत कठोरपणाही पुष्कळ होता, आणि कोवळ्या वयांत आनंदीबाईंस त्यापायीं मारही सोसावा लागला. चरित्र खरें सांगावयाचें तर ही गोष्ट झांकून ठेवतां येत नाहीं. चौदाव्या वर्षीं त्यांना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळीं स्त्रिया पुरुष डॉक्टरासमोर आपलें दुखणें उघड करीत नसत, आणि स्त्री डॉक्टर तर आपल्या समाजांत एकही नव्हती. आपण स्वतः वैद्यकविद्या शिकून ही उणीव भरून काढावी, असा निश्चय आनंदीबाईंनीं पुढें केला.

१८७८ सालीं गोपाळरावांनीं कोल्हापुराहून अमेरिकेंतील मिशनरी मंडळींकडे पत्र पाठविलें. पत्नीचें शिक्षण व्हावें म्हणून अमेरिकेंत येण्यास साह्य मिळावें, अशी त्यांची विनंती होती. हें पत्र रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेलें. वाइल्डरसाहेबांनीं स्वतः कोल्हापुरांत अनेक वर्षें मिशनचें काम केलें होतें, आणि आतां ते मायदेशीं एक मिशनरी मासिक चालवीत होते. साह्य पाहिजे असल्यास ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असें सुचविणारें उत्तर आलें. जोशी पतिपत्नींस ही अट मान्य नव्हती. पत्रव्यवहार मासिकांत छापला गेला, आणि गोष्ट तेथेंच संपल्यासारखी झाली.

परंतु ती संपली नाहीं. न्यू जर्सी संस्थानांत रोझेल नांवाच्या गांवीं कारपेंटर आडनांवाची एक गृहिणी राहत असे. १८८० सालीं दांत दाखविण्यासाठीं ती दंतवैद्याकडे गेली. पाळी येईपर्यंत वेळ जावा म्हणून तिनें समोर पडलेलें एक जुनें मासिक उचललें. तें वाइल्डरसाहेबांचेंच मासिक होतें. ज्या पत्रावरून कितीकांची नजर नुसती फिरून गेली असेल, तें वाचतांना या बाईच्या मनांत कालवाकालव झाली. घरीं जाऊन तिनें थेट आनंदीबाईंस पत्र लिहिलें आणि आपल्या घराचें दार मोकळें असल्याचें कळविलें. त्यांचा धर्म कोणता व पुढें कोणता राहील, हा प्रश्न तिनें मदतीच्या आड येऊं दिला नाहीं. पुढें वर्षानुवर्षें पत्रें जात-येत राहिलीं. चालीरीति, सण, लग्नें, घरकाम अशा साध्यासुध्या विषयांवर दोघी लिहीत. एकमेकींचें मुख पाहण्यापूर्वींच आनंदीबाई तिला मावशी मानूं लागल्या.

परदेशगमनाचा बेत कळतांच येथील समाजांत गहजब उडाला. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत, अठरावें वर्षही पुरें न झालेल्या आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून आपला हेतु सांगितला. देशांत स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे, हें त्यांनीं पटवून दिलें. आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें निक्षून सांगितलें. एप्रिल महिन्यांत त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या. पति बरोबर नव्हते. सोबत परक्या माणसांची होती.

जून १८८३ च्या आरंभीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यापूर्वीं जेमतेम दोन आठवडे, २४ मे रोजीं, तेथील प्रसिद्ध ब्रुकलिन पूल लोकांस खुला झाला होता. त्या काळीं तो जगांतील सर्वांत लांब झुलता पूल होता, आणि त्याची वाहवा सर्वतोमुखीं चालली होती. त्याच दिवसांत बंदरावर मिसेस कारपेंटर एका नऊवारी नेसलेल्या मुलीस उतरून घ्यावयास आल्या. या भेटीचा बोभाटा झाला नाहीं. परंतु आमच्या मतें तोही एक पूलच होता, आणि त्याचा पहिला दगड दंतवैद्याच्या घरीं बसविला गेला होता.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांचें वैद्यकीय कॉलेज १८५० सालीं स्थापन झालें होतें. अमेरिकेंतही स्त्रियांस ही वाट सुखासुखीं मिळाली नव्हती. १८६९ सालीं या कॉलेजांतील विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांत व्याख्यानास गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं आरडाओरड करून त्यांची भर सभेंत विटंबना केली होती. इकडे पुस्तकें घेऊन रस्त्यानें चालतांना आनंदीबाईंनीं जी टवाळी सोसली, तिचीच ही तिकडील बहीण म्हणावयाची. कॉलेजच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली यांनीं आनंदीबाईंस प्रवेश आणि शिष्यवृत्ति दिली.

तेथील दिनक्रम मात्र कठीण होता. हाडें गोठविणारी थंडी, धुरानें कोंदणारी खोली, आणि शाकाहाराचें व्रत सांभाळून स्वतःच्या हातानें रांधलेलें अन्न. थंडीपासून पाय झांकावे म्हणून त्यांनीं नऊवारीऐवजीं गुजराथी पद्धतीनें लुगडें नेसण्यास आरंभ केला. प्रकृति खालावत गेली, तरी अभ्यासांत खंड पडला नाहीं. प्राचीन हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं एम्. डी. ही पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंची गणना होते.

त्याच वर्षाच्या २८ ऑक्टोबरास न्यूयॉर्क बंदरांत स्वातंत्र्यदेवतेच्या भव्य पुतळ्याचें अनावरण झालें. त्याच सुमारास आनंदीबाई स्वदेशीं परत येत होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयानें शरीर पोखरलें होतें. एकाही रोग्याची नाडी तेथें पाहण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा मिसेस कारपेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली. न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी गांवच्या स्मशानभूमींत, आपल्या कुटुंबाच्या जागेंत, या मावशीनें ती ठेविली. धर्म निराळा, देश निराळा, वर्ण निराळा. तरी ती मुलगी त्या घरची ठरली.

आज आनंदीबाईंचें नांव सर्वतोमुखीं आहे. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचें नांव आहे. २०१८ सालीं त्यांच्या जन्मदिनीं गूगलनें आपल्या पानावर त्यांचें चित्र झळकविलें. २०१९ सालीं त्यांच्या आयुष्यावर मराठी बोलपट निघाला. या मानसन्मानाचें आम्हांस कौतुक आहेच. पण त्यांच्या चरित्रांतून आम्हांस आणखी एक गोष्ट शिकावीशी वाटते, आणि मिशनच्या शाळेंतील मंडळींनीं तर ती विशेष ध्यानांत ठेवावी. एकाच पत्राचीं दोन उत्तरें गेलीं. एकांत अट होती, दुसऱ्यांत घराचें आमंत्रण होतें. अट घालणारा मनुष्य दुष्ट नव्हता. आपल्या श्रद्धेप्रमाणें आपण भलेंच करीत आहों असें त्यास वाटत असेल. परंतु येशूच्या दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्यानें वाटेंत पडलेल्या जखमी प्रवाशाचा धर्म विचारला नव्हता. आधीं जखम बांधली. मिसेस कारपेंटर यांनीं तेंच केलें, आणि इतिहास घडला तो त्यांच्या उत्तरानें.

विद्यार्थिमित्रांनो, अमेरिकेस जाणारीं जहाजें आज आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरांतून सुटतात, आणि कारपेंटरमावशीचें जें पत्र येण्यास आठवडेच्या आठवडे लागत, तें आतां क्षणांत येतें. वाट इतकी सोपी झाली आहे. परंतु अनोळखी माणसाची अडचण वाचून थांबणारें मन आजही तितकेंच दुर्मिळ आहे. आपल्या वर्गांत परगांवाहून नवा आलेला, निराळी भाषा बोलणारा, डबा उघडतांना संकोचणारा एखादा मुलगा असेल. त्यास आपल्या बांकावर जागा देण्यापूर्वीं कोणतीही अट घालूं नका. पालकांसही आमची हीच विनंती आहे, कीं असा सोबती मुलानें घरीं आणला तर त्याची जात, गांव विचारण्यापूर्वीं त्यास पाणी द्यावें. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद होणार नाहीं. पण तो मुलगा आपलें घर जन्मभर विसरणार नाहीं.