बाबासाहेबांची शब्दसाधना

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान सभा आणि नागपूरची दीक्षाभूमी हे त्या चरित्रातील टप्पे आपल्या लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. या प्रत्येक टप्प्यावर बाबासाहेबांचा युक्तिवाद प्रतिपक्षाला ऐकून घ्यावा लागला. त्यामागे सत्याचे बळ होते, तसेच भाषेचेही होते. मराठी घरात वाढलेल्या आणि शाळेत गोणपाटावर वेगळे बसविल्या गेलेल्या एका मुलाने इंग्रजीसारखी परकी भाषा एवढी आत्मसात केली की, लंडनच्या विद्यापीठाला आणि दिल्लीच्या संविधान सभेला तिची दखल घ्यावी लागली. ही शब्दसंपदा त्यांना ग्रंथवाचनातून कशी लाभली, त्याचा हा अल्प परिचय.

घर हीच पहिली शाळा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्कराच्या शाळेत अध्यापक होते. कबीरपंथी वृत्तीचे, शिस्तीचे आणि विद्येवर अपार निष्ठा असलेले हे गृहस्थ आपल्या मुलांचा अभ्यास स्वतः घेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भीमरावांचे नाव दाखल झाले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या शाळेत विद्या मिळत होती, परंतु पाण्याच्या भांड्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती.

रामजींनी मुलाकडून हॉवर्ड यांची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांचा कसून अभ्यास करून घेतला. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करण्याचा सराव या पाठमालेत असे. अशा सरावात विद्यार्थ्याला अंदाजाने पुढे जाता येत नाही. प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ आणि त्याचे वाक्यातील स्थान त्याला ठरवावे लागते. पुढे बाबासाहेबांच्या लेखनात जो नेमकेपणा दिसतो, त्याचा पाया या घरगुती पाठांत घातला गेला.

कुटुंब मुंबईला आले तेव्हा परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. रामजी पहाटे दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत. क्रमिक पुस्तकांखेरीज अन्य ग्रंथ वाचण्याची आवड भीमरावांना याच काळात लागली. पुस्तक हवे असे मुलाने सांगितले की रामजी सासरी गेलेल्या आपल्या मुलींकडे जात. मुलीजवळ पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक आणून देत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे ऋण फेडायचे तर त्या दोन बहिणींचे आणि त्या पित्याचे स्मरण प्रथम केले पाहिजे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या गुणपत्रिकांच्या मानाने हे यश बेताचे वाटेल. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, परंतु अस्पृश्य म्हणून ती वाट बंद झाली आणि त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. तरीही अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, ही घटनाच असामान्य होती. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजी आधीपासून ओळखत होते आणि त्याला वाचावयास ग्रंथही देत होते. त्यांच्याच शब्दावरून सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. मुल्लर यांनी आपली पुस्तके त्यांना वाचावयास दिली.

न्यूयॉर्क आणि लंडन

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. येथे ग्रंथालयाचे दार सर्वांना सारखेच उघडे होते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र अशा अनेक विषयांत त्यांनी संचार केला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी जमविले.

शब्द कसे मिळवावेत, हे त्यांच्या या काळातील वाचनावरून समजते. ते विषयाच्या ओढीने वाचत आणि विषयाबरोबर त्या विषयाची भाषा त्यांना मिळत जाई. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत एंडोगॅमी, म्हणजे आपल्याच समूहात विवाह करण्याची रीत, असा एक शब्द येतो. इतर विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता पाठ असेल. भीमरावांनी त्याच शब्दाच्या आधारे जातिसंस्थेची उकल केली आणि बेटीबंदी हाच जातीचा गाभा असल्याचे दाखवून दिले. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

दुसरा शब्द याहून बोलका आहे. कोलंबियातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा लोकशाही आणि शिक्षण या विषयावरील ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला आणि बाबासाहेबांनी तो बारकाईने वाचला. त्यात एंडॉस्मॉसिस हा जीवशास्त्रातील शब्द समाजाला लावलेला आहे. पातळ पडद्यातून द्रव झिरपून आत जातो, त्या क्रियेचे हे नाव. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष देताना बाबासाहेबांनी हा शब्द योजिला. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या सुप्रसिद्ध भाषणाच्या पुस्तकात, समाजातील गटांची परस्परांत सतत देवाणघेवाण झाली पाहिजे आणि तीच बंधुता होय, हे सांगताना त्याच शब्दाचा आधार घेतला. एका ग्रंथात भेटलेला शब्द त्यांनी वीस वर्षे सांभाळला आणि आपल्या समाजाच्या मुक्तीसाठी कामाला लावला.

ही साधना सुखासुखी झाली नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. ग्रंथ व सामान ज्या बोटीने पाठविले होते, ती सॅलसेट बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सर्वांआधी यावे आणि सायंकाळी सर्वांच्या शेवटी बाहेर पडावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. अर्धपोटी राहून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध केला. परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतले. बाबासाहेबांनी मांडणी पुन्हा केली, परंतु आपले निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी त्यांना मिळाली.

मराठीशी नाते

इंग्रजीत एवढे प्रावीण्य मिळवूनही आपल्या बांधवांशी बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मराठीचाच आश्रय घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले मूकनायक आणि १९२७ सालचे बहिष्कृत भारत ही त्यांची पाक्षिके मराठीत होती. राज्यकर्त्यांपुढे आणि विद्वानांपुढे इंग्रजी, तर वस्तीवरच्या माणसांसमोर मराठी, असा विवेक त्यांनी आयुष्यभर पाळला.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, त्यात ग्रंथांच्या जागेचा विचार प्रथम होता. घराला नाव दिले ते बुद्धकालीन मगधाच्या राजधानीचे. त्यांच्या संग्रहातील ग्रंथांत लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा आढळतात, त्यावरून त्यांची वाचनपद्धती कळते.

एका शब्दाचे मोल

संविधान सभेत या साधनेची कसोटी लागली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना, भारताला संघराज्य असे न म्हणता राज्यांचा संघ असे का म्हटले, हे त्यांनी स्पष्ट केले. हे राष्ट्र घटक राज्यांच्या करारातून निर्माण झालेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा त्या एका शब्दामागील आशय होता. त्याच भाषणात ग्रीसचा इतिहास लिहिणारे जॉर्ज ग्रोट यांच्या ग्रंथातील संवैधानिक नीतिमत्तेची कल्पना त्यांनी सभेपुढे ठेवली. आज न्यायालयांच्या निकालपत्रांत ही संज्ञा वारंवार येते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी प्राचीन भिक्खुसंघाचा दाखला दिला. ठराव, गणसंख्या, मतमोजणी आणि गुप्त मतदान हे संसदीय नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाला सांगितले. ज्या पारिभाषिक शब्दांना लोक पाश्चात्त्य समजत होते, त्यांचे मूळ त्यांनी आपल्याच भूमीत दाखविले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि पाली व्याकरण व शब्दकोशाचे काम हाती घेतले. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. देशाला संविधान देणारा हा महापुरुष प्रकृती ढासळत असतानाही शब्दांच्या याद्या करीत बसला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुढील वर्षी प्रकाशित झाला.

आपल्यासाठी बोध

आपल्या माणपासून देहू रोड दूर नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथील विहारात बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. आज याच परिसरात हिंजवडीच्या आयटी पार्कच्या इमारती माणच्या हद्दीपर्यंत आल्या आहेत. तेथे नोकरीची भाषा इंग्रजी आहे. त्यामुळे इंग्रजीचा धाक आणि इंग्रजीचे आकर्षण, दोन्ही आपल्या मुलांच्या मनात आहेत. पुष्कळ पालक घाईघाईने बोलण्याच्या वर्गांना पैसे भरतात. उच्चार सुधारतात, चार वाक्ये येतात, परंतु सांगण्याजोगे काही नसले तर ती वाक्ये लवकरच संपतात.

बाबासाहेबांचा मार्ग संथ होता आणि तो प्रत्येकाला मोकळा आहे. आवडीचा विषय निवडावा. त्या विषयावरचे एक पुस्तक संपले की दुसरे घ्यावे. म्हणजे तोच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो आणि पाठ न करता आपला होतो. हाती पेन्सिल असावी. रोज एका परिच्छेदाचे मराठी करावे आणि दुसऱ्या दिवशी त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करून मूळ पुस्तकाशी ताडून पाहावे. वसतिगृहात ग्रंथालय आणि सायंकाळचा निवांत वेळ दोन्ही मिळतात. डबक चाळीतील एका खोलीत यांपैकी काहीच नव्हते.

पालकांनीही हे जाणावे की, स्वतःला इंग्रजी येत नसले तरी मुलाच्या हाती पुस्तक देता येते. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वाचून झालेली पुस्तके विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावीत. केळुसकर गुरुजींनी एका मुलाला पुस्तके वाचावयास दिली, त्यातून काय उभे राहिले ते आपण पाहतोच आहोत.

महामानवाच्या या शब्दसाधनेस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय, जय भीम.